क्लेटनची खुळखुळणारी बंदूक

रेनो हाऊतालाला सैल वस्तू बघवत नसे. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला आणि खुर्ची जरा डुगडुगली, की हा टेबलाखाली वाकलाच म्हणून समजा. एकदा तर चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना पुढच्या बाकाचा स्क्रू नखाने पिळत बसला होता, आणि त्याची बायको हेल्मी शेजारी लाजेने अर्धमेली झाली होती. लोखंडाच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये त्याचा जन्म गेला. पुढे खाण बंद पडली, हेल्मीही गेली, पण ही खोड काही गेली नाही. आता घरात घट्ट करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दारं, नळ, खुर्च्या, सगळं जागच्या जागी पक्कं होतं, आणि त्या खुर्च्यांवर बसायला कुणी नव्हतं.

बोलायला माणूस मिळायचा तो नोव्हेंबरात. हरणांचा हंगाम उघडला की आमच्याकडे शाळासुद्धा ओस पडतात, आणि रेनो सरोवराच्या बाजूच्या जंगलातल्या कॅम्पवर जायचा. कॅम्प म्हणजे फळ्यांची एक खोली, एक चूल आणि मागे सौना, म्हणजे वाफेची न्हाणी. एके काळी तिथे सात जण घोरायचे. भिंतीवर शर्टांची शेपटं खिळ्यांनी ठोकलेली होती, चौकड्यांची, रेघांची, लोकरीची. कॅम्पचा नियमच तसा. समोर आलेलं हरीण ज्याने हुकवलं, त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कात्रीने कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर लावायचं. हुकवणाऱ्याने निमूट उभं राहायचं, बाकीच्यांनी खिदळायचं.

पण सातांतले चार कबरस्तानात पोचले आणि एक जण फ्लोरिडात गेला, जो रेनोच्या मते मेल्यातच जमा होता. उरले दोघे. रेनो आणि क्लेटन पास्को.

क्लेटन त्याच खाणीतला. अंगाने आडवा, तोंडाने फाटका. त्याच्याकडे त्याच्या वडिलांची थर्टी-थर्टी बंदूक होती, खाली गोळी चढवायची लिव्हर असलेली. ती इतकी सैल झाली होती, की क्लेटन झाडीतून चालायला लागला की खुळखुळ्यासारखी वाजायची. "अरे हरणांना आमंत्रण देतोयस का?" असं रेनो दर वर्षी विचारायचा, आणि क्लेटन दर वर्षी म्हणायचा, "ओळखतात ती मला. घरचा माणूस आला म्हणतात."

गेल्या हंगामात मात्र गंमत संपली. एक शिंगाळा नर अगदी समोर, हाकेच्या अंतरावर येऊन आडवा उभा राहिला. पोरानेही पाडला असता. क्लेटनने गोळी झाडली ती कुठल्या कुठे गेली. दुसरीही गेली. शेपूट कापून घेताना तो हसला नाही. "बंदूक सैल झालीय," एवढंच म्हणाला. परत जाताना गाडीत खिडकीबाहेर बघत बोलला, "पुढच्या वर्षी माझं काही खरं नाही, रेनो. धरून चालू नकोस."

 क्लेटन आला नाही तर कॅम्प कसला? एकट्याने जाऊन काय त्या चुलीशी बोलायचं? घरी हाच धंदा वर्षभर चालायचा. टीव्ही मोठ्याने लावायचा आणि त्यातल्या हवामानवाल्या बाईला उत्तरं द्यायची. त्याने त्या हिवाळ्यात एकच गोष्ट डोक्यात घेतली. बंदूक सैल आहे म्हणून तो यायचं नाही म्हणतो, तर बंदूक घट्ट केली की प्रश्न मिटला. सोपं होतं की नाही? रेनोच्या आयुष्यातले सगळे प्रश्न असेच मिटले होते, स्क्रूड्रायव्हरने.

बर्फ वितळायला लागलं तशी त्याने गाडी काढली. क्लेटनचं घर दीड तासाच्या वाटेवर. फाटकाशी पत्रपेटीचा खांब वाकलेला दिसला.

"हे काय झालं?" रेनोने विचारलं.

"बर्फ काढायची गाडी चालवणारा गाढव आहे नुसता. घासून गेला." क्लेटनने केटली उचलली, कपाच्या काठावर बोट ठेवलं आणि बोटाला चटका बसेपर्यंत कॉफी ओतली. "बस. आज इकडे कुठे वाट चुकलास?"

"बंदूक न्यायला आलोय. दे ती. घट्ट करून देतो."

"आहे तशी राहू दे रे. तीस वर्षं खुळखुळतेय, मला सवय झालीय."

"तूच म्हणालास ना, सैल आहे म्हणून हुकली?"

"म्हणालो असेन."

"मग?"

"मग काही नाही. तुला कशाला उपद्व्याप?"

रेनो हटणाऱ्यातला नव्हता. दुसरा कप झाला, तिसरा झाला. हेल्मी कशी पुडिंगमध्ये वेलदोडा जास्त घालायची, खाणीत कोण कुणाला काय म्हणालं, सगळं बोलून झालं. क्लेटन दर वेळी विषय बदलायचा आणि रेनो दर वेळी फिरून बंदुकीवर यायचा. शेवटी क्लेटन त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग उठला, कपाटातून बंदूक काढून त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "ने बाबा. तुझं समाधान होऊ दे."

किती हट्टी माणूस आहे, असं मनात म्हणत रेनो घरी आला. पण गाडीत तो शीळ घालत होता.

उन्हाळाभर ती बंदूक त्याच्या गॅरेजमधल्या बाकावर होती, आणि खरं सांगायचं तर हेल्मी गेल्यापासून असा उन्हाळा त्याला लाभला नव्हता. लिव्हर मेल्या कोंबडीच्या मानेसारखी लोंबत होती. नळीखालचं लाकूड पुढेमागे सरकत होतं, दस्ता डुगडुगत होता. पण कामाला हात घालण्याआधी, सवयीप्रमाणे, तो वाळूच्या खाणीत गेला आणि कागदावर पाच गोळ्या झाडून आला. सैल ती सैल, तरी पाचही गोळ्या बशीएवढ्या जागेत बसल्या होत्या. हरणाची छाती त्याहून बरीच मोठी असते. रेनोने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि त्या गोष्टीचा विचार करायचाच नाही असं ठरवलं. माणसाला पाहिजे तेव्हा हे बरोबर जमतं.

मग तो कामाला भिडला. लिव्हर ज्या पिनवर फिरायची ती पिन झिजली होती आणि तिचं भोक अंड्यासारखं लांबट झालं होतं. त्याने भोक हलक्या हाताने गोल करून घेतलं आणि पोलादी सळईची, पहिलीपेक्षा केसभर जाड अशी पिन नवीन घडवली. लिव्हर वर धरून ठेवणारी स्प्रिंग मेली होती, तीही बदलली. नळीखालच्या लाकडात पितळेची पातळ पट्टी सरकवली. दस्त्याचं काम सगळ्यात नाजूक. लाकूड सुकून आक्रसलं होतं. त्याने लोखंडाला दिव्याची काजळी फासली, दस्ता बसवला, काढला, जिथे काळा डाग उमटला तिथेच खरवडलं, पुन्हा बसवला. लाकूड सगळीकडून सारखं टेकेपर्यंत हे चाललं, आणि मग राहिलेल्या फटीत चिकट राळ भरली. स्क्रूच्या खाचा पूर्वी कुणीतरी अडाण्यासारख्या चेंदून ठेवल्या होत्या, त्या माणसाच्या खानदानाचा उद्धार करत त्याही सरळ केल्या. काम करताना तो बंदुकीशी बोलायचा. "हल, हल आता. हलून दाखव ना." 

झालं तेव्हा त्याने ती कानाशी धरून जोरात हलवली. काही म्हणजे काही वाजलं नाही. लगेच क्लेटनला फोन लावला.

"ऐक," म्हणाला आणि फोनजवळ बंदूक हलवली.

"मला काही ऐकू आलं नाही."

"तेच तर! वाजतच नाही ती."

 मग क्लेटन म्हणाला, "अजिबात नाही? कुठे थोडीसुद्धा?"

"काडीची नाही."

"हं. तुझं काम म्हणजे काय, प्रश्नच नाही."

"मग हंगामाच्या आदल्या दिवशी घ्यायला येतो तुला."

"ये," क्लेटन म्हणाला. रेनो इतका खूश झाला, की त्या रात्री हवामानवाल्या बाईला त्याने एक शब्द बोलू दिला नाही.

हंगाम उघडला त्या सकाळी दोघे एकाच फळ्यांच्या आडोशात बसले. पूर्वी प्रत्येकाचा आडोसा वेगळा असे, पण आता दोघांसाठी कशाला दोन? ताजं बर्फ पडलं होतं. क्लेटन येताना झाडीतून चालला तरी बंदुकीचा आवाज नाही. रेनोला मागून चालताना अभिमान वाटत होता.

उजाडल्यावर थोड्याच वेळात देवदारांतून एक नर बाहेर आला. सावकाश, बर्फ हुंगत. आडवा उभा राहिला. रेनोने क्लेटनच्या गुडघ्याला हात लावला.

"दिसला," क्लेटन पुटपुटला. पण तो भलतीकडे, तुटक्या भोजवृक्षाच्या बाजूला बघत होता. मग नराने मान हलवली तशी त्याने नळी वळवली, नेम धरला आणि झाडली. बर्फ उडालं ते नराच्या कितीतरी मागे. क्लेटनने लिव्हर ओढली, मऊ, बिनआवाजाची, रेनोने केली होती अगदी तशी चालली. पुन्हा झाडली. या वेळी झाडाची साल उडाली. नर दोन उड्यांत दिसेनासा झाला.

  क्लेटनने बंदूक रेनोकडे दिली. "अजून कुठेतरी सैल आहे बघ," तो म्हणाला.

रेनोने बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतं, ते बघण्याआधीच त्याला ठाऊक होतं. पण मित्राचा चेहरा त्याच्यासमोर होता. त्याने दस्त्याचा स्क्रू उगीच अंगठ्याने दाबला आणि जीभ चावली. "अरे देवा. हा मागचा स्क्रू मी पिळायचाच विसरलो की रे! माझीच चूक."

क्लेटन क्षणभर थांबला आणि मग खो-खो हसत सुटला. "म्हातारा झालास लेका! मग या वर्षी शेपूट कुणाचं? माझं नाही. मिस्त्रीचं!"

"मिस्त्रीचं," रेनो म्हणाला. शर्ट गेला खड्ड्यात, क्लेटन हसतोय ना? आता तो पुढच्या वर्षीही येईल. या एका खोट्याने सगळं सावरलं, असं त्याला वाटलं.

कॅम्पवर आल्यावर त्याने कोट काढला, लाल चौकड्यांचा शर्ट पँटमधून ओढून बाहेर काढला आणि खिडकीशी पाठ करून उभा राहिला. भरपूर उजेड होता. चुलीवर खिमा-बटाटा भरलेल्या पास्ट्या गरम होत होत्या. क्लेटनने एका हातात शर्टाचं शेपूट धरलं, दुसऱ्यात कात्री. "उभा राहा नीट. हलू नकोस. हे पवित्र काम आहे."

रेनोने खांद्यावरून मागे बघितलं. कात्री उघडली आणि कच्चकन मिटली. हवेत. कापडाच्या चांगली चार बोटं बाजूला. क्लेटनने ती पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. पुन्हा हवेतच. त्याच्या कपाळावर आठी पडली होती, तोंड हसरंच होतं.

 रेनोने कंबर हळूच सरकवली आणि कापड कात्रीच्या तोंडात नेऊन दिलं. कात्री मिटली. कापड कापलं गेलं.

क्लेटन थांबला. अर्ध्या कापलेल्या शेपटावर बोट फिरवत म्हणाला, "तू सरकलास."

"नाही रे."

"सरकलास. मला हाताला कळलं." त्याने कात्री टेबलावर ठेवली आणि खुर्ची चाचपून बसला. "स्क्रूचंही खोटं बोललास ना? तू आणि स्क्रू विसरणार!"

 रेनोने विचारलं, "कधीपासून?"

"मधलं दिसत नाही. कडेकडेने दिसतं. तुझ्याकडे बघितलं तर तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. तसा तोटा काही नाही त्यात." तो स्वतःच हसला, पण ते हसू टिकलं नाही. "डॉक्टर म्हणतो, वाढत जाणार. माझ्या मार्लिसला, पोरीला, कळलं तेव्हापासून तिच्याकडे मिलवॉकीला चला म्हणून मागे लागलीय. मी म्हटलं, मला सगळं व्यवस्थित दिसतं. ती म्हणाली, मग हरीण कसं हुकलं? मी म्हटलं, बंदूक सैल आहे."

"आणि?"

"आणि ती बापावर गेलीय. म्हणाली, ठीक आहे बाबा, बंदूक दुरुस्त करून घ्या. दुरुस्त झाल्यावरही हुकलं, तर गाडीची किल्ली माझ्याकडे द्यायची आणि घर विकून माझ्याकडे यायचं. मी हो म्हटलं. मला काय, बंदूक दुरुस्तच करायची नव्हती. जन्मभर सैल राहिली असती."

रेनोला तोंडात मारल्यासारखं झालं. तो मटकन बाकावर बसला. त्याला सगळं आठवलं, दुसरा कप, तिसरा कप, आणि आपण कसे चिकटून बसलो होतो ते. "मग दिलीस कशाला? मला सांगायचं होतंस! माझ्या थोबाडावर नाही म्हणायचं!"

"तू दीड तास गाडी हाकत आला होतास," क्लेटन म्हणाला. "तुला काहीतरी काम हवं होतं. तुला कुणीतरी हवं होतं रे. नाही कसं म्हणू?"

पास्ट्या करपल्याचा वास आला तेव्हा दोघे उठले.

जेवताना क्लेटन काटा खाली ठेवून म्हणाला, "रविवारी मार्लिस येतेय मला न्यायला, इथूनच. माझ्यावर तिचा विश्वास नाही. तुझ्यावर आहे. रेनोकाका खोटं बोलत नाहीत म्हणते. तू नुसतं सांग, काम नीट झालं नव्हतं, अजून सैल होती. एवढंच. पुढचं वर्ष मिळेल मला. आणि तुलाही."

आणि तुलाही. ते शब्द रेनोच्या मनातून हलेनात. पुढचे दिवस त्यांनी शिकारीचं नाव काढलं नाही. सौना तापवली, पत्ते टाकून बघितले आणि गुंडाळून ठेवले, जुन्या माणसांची टिंगल केली. फार छान दिवस होते ते, आणि रेनोला त्यातला प्रत्येक दिवस छातीवर दगड ठेवल्यासारखा गेला. सांगायचं. नक्की सांगायचं. एका वाक्याचं तर काम आहे, आणि मिस्त्री म्हणून नाव खराब झालं तर होऊ दे, कोण विचारतंय आता? मग तो क्लेटनला लाकडं फोडताना बघायचा. कुऱ्हाड ओंडक्याच्या कडेला लागून पायाजवळून जायची. आणि त्याला ती वाकलेली पत्रपेटी आठवायची. बर्फ काढणारा घासून गेला म्हणे. त्याच रस्त्यावर सकाळी पोरं शाळेच्या बसची वाट बघत उभी असतात.

रविवारी दुपारी मार्लिस आली. उंच, दमलेली, बापासारखंच जाड नाक. तिने दोघांना मिठ्या मारल्या, बापाची बॅग दाराशी नेऊन ठेवली, कॉफी घेतली. मग कप खाली ठेवला.

"मिळालं काही?"

"नाही," क्लेटन म्हणाला. "हुकलं."

"दिसलंच नाही, की झाडूनही हुकलं?"

"झाडून." क्लेटनने रेनोकडे तोंड केलं. कानांकडे बघत असणार तो. "बंदुकीचं विचार त्याला."

मार्लिस वळली. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद वगैरे काही नव्हता. उलट भेदरलेली दिसत होती. "रेनोकाका, बंदूक तुम्ही दुरुस्त केलीत ना? खरं सांगा. कुठे सैल राहिली होती का?"

रेनोने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. चार दिवस तो तेच घोकत होता.

"नाही," तो म्हणाला. "घट्ट आहे. मी स्वतः केलीय. त्यात काही सैल नाही. आधीही ती इतकी वाईट नव्हती." आणि मग त्याला रडू कोसळलं. सत्तरीचा माणूस दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून लहान मुलासारखा रडला. मार्लिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

 क्लेटनने कोट घातला, बटणं वरखाली लागली, तशीच राहू दिली. खिशातून गाडीची किल्ली काढून त्याने मुलीसमोर धरली आणि तिने ती घेतली. दारात मात्र तो थांबला.

"तू सैल आहे म्हणाला असतास ना, रेनो," तो म्हणाला, "तर मलासुद्धा ते पटलं असतं. गेल्या वर्षी पटलं होतं."

"तुझ्यावाचून मी काय करू इथे?" रेनो म्हणाला.

"ते मला नाही ठाऊक, बाबा." क्लेटनने हात पुढे केला, तो रेनोच्या छातीवर लागला, मग कोपर सापडलं, ते त्याने घट्ट दाबलं. "फोन कर. उचलता येतो मला अजून."

मार्लिसने त्याला हाताला धरून पायरी उतरवली, आणि त्याने उतरवू दिली. बंदूक खुंटीवरच राहिली. ती न्यायची कुणाला आठवणच झाली नाही. गाडी देवदारांआड वळेपर्यंत रेनो दारात उभा होता. हंगामाचे बरेच दिवस बाकी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चूल विझवली, कॅम्पला कुलूप लावलं आणि घरी निघाला.